निर्णयसागर मुद्राक्षरे

मुंबई येथील निर्णयसागर ओतशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेला देवनागरी मुद्राक्षरांचा (टाइपांचा) संच व त्या संचाने रूढ केलेले अक्षरवळण. जावजी दादाजी चौधरी (१८३९–९२) यांनी १८६४ मध्ये ही ओतशाळा सुरू केली व १८६९ मध्ये तिच्या जोडीस छापखाना काढला. अक्षरांचे ठसे कोरण्याचे काम राणू रावजी आरू या कुशल कारागिराने केले. संस्कृत व मराठी ग्रंथांच्या छपाईत या मुद्राक्षरांना पुढे प्रमाणाचे स्थान मिळाले. रोमन लिपीत गारामाँ, बास्करव्हिल किंवा टाइम्स या सेरिफयुक्त अक्षरवळणांचा जो मान आहे, तोच देवनागरीत निर्णयसागर वळणाचा आहे, असे म्हणता येईल. दीर्घ वाचनासाठी योजलेल्या मुद्राक्षरांनी स्वतःकडे लक्ष वेधून घ्यावयाचे नसते. मजकुरातील प्रत्येक भेद मात्र त्यांनी अचूक दाखवावयाचा असतो. ही दोन्ही कामे निर्णयसागर मुद्राक्षरांनी कशी साधली व तंत्र बदलल्यावर त्यांतील काय टिकले, याचा विचार येथे केला आहे.

सेरिफ व शिरोरेषा : रोमन अक्षराच्या उभ्या किंवा तिरप्या रेघेच्या टोकाशी जी लहान आडवी टोकरेघ असते, तिला सेरिफ म्हणतात. प्राचीन रोमन शिलालेखांत ती प्रथम ठळकपणे आढळते. रोम येथील ट्रेजनच्या स्तंभावरील लेख (इ. स. ११३) हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. दगडात कोरलेल्या रोमन मोठ्या अक्षरांची परंपरा महाराष्ट्रातही पाहावयास मिळते. वसईचा किल्ला १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेथील पडझड झालेल्या चर्चवास्तूंच्या फरशीत बसविलेल्या थडग्यांच्या शिळांवर मृतांची नावे व तारखा याच प्रकारच्या मोठ्या अक्षरांत कोरलेल्या आहेत. युरोपात पंधराव्या शतकात छपाई सुरू झाली, तेव्हा मोठी अक्षरे शिलालेखांवरून व लहान अक्षरे हस्तलिखितांवरून घेऊन दोहोंचा मेळ घालण्यात आला. व्हेनिस येथे १४७० मध्ये नीकॉला झांसाँ याने वापरलेली अक्षरे या मेळाचा उत्कृष्ट नमुना मानली जातात. त्यानंतर सोळाव्या शतकातील गारामाँ, अठराव्या शतकातील बास्करव्हिल व बोदोनी आणि लंडनच्या द टाइम्स या दैनिकासाठी स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली १९३२ मध्ये तयार झालेले टाइम्स न्यू रोमन, अशी ही परंपरा चालत आली आहे.

सेरिफमुळे अक्षराच्या रेघा आधाररेषेवर स्थिर झाल्यासारख्या दिसतात आणि ओळ आडवी, सलग भासते. देवनागरीत हे काम शिरोरेषा करते. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात, तर देवनागरी अक्षरे वरच्या रेषेला टांगलेली असतात. शब्दातील सर्व अक्षरे शिरोरेषेने एकत्र बांधली जात असल्यामुळे शब्दाचा घाट एका दृष्टिक्षेपात ध्यानात येतो. त्यामुळे देवनागरीला वेगळ्या टोकरेघेची गरज भासली नाही. जाड व बारीक रेघांचे प्रमाण हे साम्य मात्र दोन्ही लिपींच्या अभिजात वळणांत आहे व दोहोंत ते लेखणीच्या कापातून आले आहे. रोमन लेखणीच्या कापामुळे डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड व उजवीकडून डावीकडे उतरणारी बारीक होते. रोमन ‘ए’ या मोठ्या अक्षराच्या दोन बाजू पाहिल्यास हा फरक दिसतो. देवनागरीच्या बोरूचा काप याच्या उलट असल्यामुळे जाडी नेमकी विरुद्ध दिशेस येते. म्हणून रोमन वळणाची जाडी देवनागरी अक्षरांवर तशीच लादली, तर अक्षर ओळखता येते, पण ते परके वाटते. युरोपात तयार झालेल्या काही जुन्या देवनागरी मुद्राक्षरांत हा परकेपणा जाणवतो.

पूर्वपीठिका : देवनागरी मुद्राक्षरे करण्यातील मुख्य अडचण संख्येची होती. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी गोव्याहून १६०८ मध्ये आपल्या संघाच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात, या देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत अशी इच्छा व्यक्त केली होती. येथील अक्षरे वर्णांची नसून अवयवांची (उच्चारखंडांची) असल्यामुळे साचे सु. सहाशे होतील, ही अडचणही त्यांनी त्याच पत्रात नमूद केली. त्यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. मराठी भाषेचा हा आद्य मुद्रित काव्यग्रंथ अशा रीतीने परक्या अक्षरांतून वाचकांपुढे आला.

देवनागरी मुद्राक्षरांचे आरंभीचे प्रयत्न महाराष्ट्राबाहेर झाले. रोम येथे १७७१ मध्ये छापलेल्या एका लिपिपरिचयात देवनागरी खिळे वापरले होते. चार्ल्‌स विल्किन्झ यांनी स्वतः केलेल्या मुद्राक्षरांनी आपले संस्कृत व्याकरण १८०८ मध्ये लंडन येथे छापले. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या छापखान्यासाठी पंचानन कर्मकार या कारागिराने देवनागरी ठसे कोरले. कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तेथेच निघाले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने १८१६-१७ पासून मराठी छपाई सुरू केली. आरंभी त्याला बंगालमधील खिळ्यांवर अवलंबून राहावे लागले. पुढे त्या छापखान्यातील टॉमस ग्रॅहॅम यांनी मुंबईतच देवनागरी खिळे पाडून त्यांत महत्त्वाच्या सुधारणा केल्या.

याच काळात शिळाछापाचे तंत्र लोकप्रिय झाले. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापात सुंदर हस्ताक्षर जसेच्या तसे उतरत असल्यामुळे वाचकांची नजर पोथीच्या वळणाला सरावलेलीच राहिली. ओबडधोबड खिळ्यांनी छापलेले पुस्तक या वाचकांना पोथीपुढे निकृष्ट वाटे. त्यामुळे मुंबईच्या ओतशाळांपुढे दुहेरी काम उभे राहिले : अक्षर पोथीच्या लेखकाच्या हातचे वाटावे व तरी ते धातूच्या खिळ्यावर बसावे. गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचे खिळे तयार करून या दिशेने पाऊल टाकले. ते काम पूर्णत्वास नेण्याचा मान निर्णयसागर ओतशाळेकडे जातो.

जावजी दादाजी व राणू आरू : जावजी दादाजींचा जन्म मुंबईत गरीब कुटुंबात झाला. शालेय शिक्षण फारसे न होता बालवयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली खिळे घासण्याच्या कामावर लागले. ओतलेल्या खिळ्याच्या कडेचा जादा धातू घासून काढणे हे या धंद्यातील सर्वांत खालचे काम. तथापि खिळ्याची अचूकता शेवटी त्यावरच अवलंबून असते. पुढे अन्य ओतशाळा व छापखाने यांत अनुभव घेऊन त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा व्यवसाय थाटला. राणू रावजी आरू यांच्याशी त्यांचा सहयोग हा या व्यवसायाचा कणा ठरला. जावजींना खिळ्याची पारख होती व आरूंना अक्षराची. मुद्राक्षरे कोरणाऱ्याचे नाव पुस्तकावर छापण्याची प्रथा नसल्यामुळे, ज्यांच्या हातचे अक्षर देशभर पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले त्या आरूंचे नाव सामान्य वाचकास अपरिचितच राहिले.

ठशापासून खिळ्यापर्यंत : मुद्राक्षर तयार करण्याची पहिली पायरी म्हणजे पंच किंवा पोलादी ठसा. मऊ पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे व उठावाचे कोरतात. अक्षरातील बंदिस्त पोकळी (उदा., ‘व’ किंवा ‘ब’ यांच्या पोटातील) प्रथम वेगळ्या ठशाने दाबून घेतात व नंतर बाहेरची कड कानशीने व कोरणीने उतरवितात. मधूनमधून ठसा ज्योतीवर धरून त्यावर काजळी धरवितात व कागदावर छाप उमटवून आकार तपासतात. ठसा मनाजोगा झाला की तापवून व पाण्यात बुडवून त्याला कठीण करतात आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकून मातृका तयार करतात. ही मातृका साच्याच्या तळाशी बसवून त्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला मिश्रधातू ओततात. शिशामुळे धातू लवकर वितळतो, अँटिमनीमुळे खिळा कठीण होतो व कथिलामुळे रस बारीक रेघांपर्यंत पोहोचतो. इंग्रजी पद्धतीच्या खिळ्याची उंची ०·९१८ इंच असते.

देवनागरी खिळ्यांच्या बाबतीत मातृका जुळवून घेण्याचे काम विशेष नाजूक असते. प्रत्येक खिळ्यावर शिरोरेषेचा आपापला तुकडा असतो. शेजारच्या खिळ्यावरील तुकड्याशी तो बरोबर भिडला, तरच रेषा अखंड दिसते. मातृका केसभर वरखाली बसली, तर शिरोरेषा पायऱ्यापायऱ्यांची होते. खिळ्याची कड किंचित जास्त राहिली, तर रेषेत फट पडते. निर्णयसागर छपाईत ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा सरळ राहते. हे श्रेय जसे ठसे कोरणाऱ्याचे आहे, तसेच मातृका बसविणाऱ्याचे व खिळे घासणाऱ्याचेही आहे.

अक्षरवळणाचे स्वरूप : निर्णयसागर अक्षरांचा पाया बोरूने लिहिलेले बाळबोध अक्षर हा होय. उभा दंड भरदार, गोलाई पूर्ण व पोटातील पोकळी मोकळी, असे त्यांचे सर्वसाधारण रूप आहे. जाड व बारीक रेघांतील फरक स्पष्ट आहे; पण बारीक रेघ इतकी बारीक नाही की ती छापताना तुटावी किंवा शाई जास्त झाल्यास भरून जावी. एकाच घटकाची पुनरावृत्ती जेथे होते (उदा., ‘व’, ‘ब’, ‘क’ यांतील वाटोळा भाग), तेथे आकाराचे कुळ एकच राखलेले असते. त्यामुळे पृष्ठाचा करडेपणा सर्वत्र सारखा पडतो व डोळा कोठे अडखळत नाही.

या वळणाची खरी परीक्षा जोडाक्षरांत होते. संस्कृतमध्ये ‘कार्त्स्न्य’ यासारख्या शब्दात र्, त्, स्, न् व य् ही पाच व्यंजने लागोपाठ येतात. मराठीतही ‘उद्ध्वस्त’, ‘राष्ट्र’, ‘वाङ्‌मय’ असे शब्द नित्याचे आहेत. पारंपरिक बाळबोध लेखनात द्द, ट्ट, ङ्ग यांसारखी जोडाक्षरे एकाखाली एक लिहितात, तर दंडयुक्त व्यंजनांची (उदा., न्य, स्त) एकापुढे एक लिहितात. उभ्या जोडणीत दोन अक्षरे एका खिळ्याच्या उंचीत बसवावी लागतात व दोन्ही आकसतात. त्यांची जाडी त्याच प्रमाणात कमी केली, तर ओळीत ते जोडाक्षर फिकट दिसते. तशीच ठेवली, तर काळा डाग दिसतो. म्हणून प्रत्येक जोडाक्षराचा ठसा स्वतंत्र विचार करून कोरावा लागतो. संस्कृत ग्रंथ छापणाऱ्यास असे शेकडो ठसे हाताशी असणे आवश्यक होते. जोडाक्षरांचा हा भरगच्च संग्रह हे निर्णयसागर मुद्राक्षरांचे मोठे सामर्थ्य होय.

जुळणीच्या पद्धती : देवनागरी ओळीला तीन थर असतात. मधल्या थरात अक्षराचे अंग, वरच्या थरात वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार आणि खालच्या थरात उकार, ऋकार येतात. हे थर धातूत कसे मांडावयाचे, याच्या दोन मुख्य पद्धती मुंबईत होत्या. डिग्री पद्धतीत वरची व खालची चिन्हे स्वतंत्र लहान खिळ्यांवर असत व जुळारी ती मुख्य अक्षराच्या वर-खाली बसवी. त्यामुळे खिळ्यांचे प्रकार कमी लागत, पण एका ओळीसाठी तीन ओळी जुळविण्याचे श्रम पडत आणि चिन्ह व अक्षर यांत फट राही. अखंड पद्धतीत अक्षर व चिन्हे पूर्ण उंचीच्या एकाच खिळ्यावर येत. छाप देखणी व जुळणी जलद होई; मात्र खिळ्यांचे प्रकार वाढून जुळाऱ्यापुढे अनेक पेट्या मांडाव्या लागत. काही खिळ्यांवरील मात्रा अंगाबाहेर डोकावत व शेजारच्या खिळ्यावर टेकत. दाबामुळे असा डोकावणारा भाग तुटण्याचा धोका नेहमीच असे.

हा धोका केवळ सौंदर्याचा नव्हता. ‘दीन’ व ‘दिन’ यांत फरक वेलांटीचा आहे. जुन्या मराठी लेखनात ‘तें’ व ‘ते’ यांतील अनुस्वार लिंग व वचन दाखवीत असे. संस्कृतमध्ये एक अनुस्वार किंवा विसर्ग गळाला, तर विभक्ती बदलते. म्हणून तुटलेला खिळा हुडकून बदलणे व मुद्रिते काळजीपूर्वक तपासणे हा या छपाईचा अविभाज्य भाग होता. निर्णयसागरच्या पुस्तकांचा लौकिक सुबक अक्षरांइतकाच शुद्ध छपाईमुळे झाला, याचे कारण हेच होय.

थरांमुळे आणखी एक परिणाम घडतो. खिळ्याच्या उंचीतील बराच भाग वरच्या व खालच्या चिन्हांसाठी राखावा लागत असल्यामुळे मुख्य अक्षराच्या वाट्यास थोडी जागा येते. त्यामुळे १२ पॉइंट (पायका) देवनागरी अक्षर त्याच मापाच्या रोमन मोठ्या अक्षरापेक्षा लहान भासते. मराठी पुस्तकांत १४ किंवा १६ पॉइंट अक्षरे सर्रास वापरली जात व मुलांच्या पुस्तकांसाठी १८ पॉइंट (ग्रेट प्रायमर) किंवा त्याहून मोठी मापे घेत, ती यामुळेच. देवनागरी पुस्तकास कागद अधिक लागतो, या तक्रारीचे मूळही यातच आहे.

उपयोग : छापखान्याचे नाव प्रथम घरोघरी पोहोचले ते निर्णयसागर पंचांगामुळे. पंचांगात तिथी, नक्षत्रे, योग यांची संक्षिप्त रूपे व घटी-पळांचे आकडे अरुंद स्तंभांत दाटीने येतात. लहान मापातही ‘५’, ‘६’ व ‘९’ यांत घोटाळा होणार नाही, अशी अंकांची घडण येथे आवश्यक असते. दुसऱ्या टोकास पठणाच्या पोथ्या व स्तोत्रसंग्रह येतात. बृहत्स्तोत्ररत्नाकरासारख्या संग्रहांनी पूर्वी हस्तलिखितांत असलेली स्तोत्रे अल्प किमतीत सामान्य माणसाच्या हाती दिली. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेले बालबोध हे मुलांचे मासिकही या छापखान्यातून निघाले.

संस्कृत वाङ्‌मयाच्या प्रकाशनात निर्णयसागरचे कार्य सर्वांत मोठे आहे. पंडित दुर्गाप्रसाद व काशीनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली १८८६ मध्ये सुरू झालेल्या काव्यमालेने अनेक दुर्मिळ काव्ये, नाटके व अलंकारग्रंथ प्रथमच छापून उपलब्ध केले. याच संपादकांनी १८८९ मध्ये कथासरित्सागर प्रसिद्ध केला. परब यांनी संकलित केलेले सुभाषितरत्नभांडागार अनेक आवृत्त्यांतून वाचले गेले. जावजींच्या निधनानंतर त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी ही परंपरा चालू ठेवली. या ग्रंथांच्या पृष्ठरचनेत मुद्राक्षरांच्या मापांचा अर्थपूर्ण उपयोग केलेला दिसतो. मूळ श्लोक मोठ्या अक्षरांत, टीका मध्यम व पाठभेद लहान अक्षरांत, अशा मांडणीमुळे कोणते वचन कवीचे व कोणते टीकाकाराचे, हे वाचकास न सांगता कळते. पुणे येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्व (१९३३) या छापखान्यात छापले गेले. त्याच्या पृष्ठावर वर संहिता व खाली हस्तलिखितांच्या सांकेतिक खुणांसह दाट पाठभेद येतात. अशा पानावर मुद्राक्षराची प्रत्येक उणीव उघडी पडते.

मुंबई वळण व कलकत्ता वळण : निर्णयसागर ओतशाळेचे खिळे देशातील अन्य छापखान्यांकडेही जात असल्यामुळे त्यांचे वळण मुंबई वळण म्हणून ओळखले जाऊ लागले. कलकत्ता वळणापासून ते ‘अ’, ‘झ’, ‘ण’ व काही अंकांच्या रूपांत स्पष्टपणे वेगळे होते. उत्तरेकडील जुन्या ग्रंथांतील ‘ण’ आजच्या वाचकास ‘र’ व काना यांसारखा दिसतो. विसाव्या शतकात हिंदी लेखनाचे प्रमाणीकरण झाले, तेव्हा ‘अ’, ‘झ’ व ‘ण’ यांची मुंबई वळणाची रूपे स्वीकारण्यात आली. ‘ल’ व ‘श’ यांची मात्र उत्तरेकडील रूपे कायम राहिली. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ हीच रूपे प्रचलित होती. अशा रीतीने मुंबई वळणाचा एक भाग सर्व देवनागरी लेखनात मिसळून गेला व दुसरा केवळ मराठीपुरता उरला.

यांत्रिक जुळणी व लिपिसुधारणा : खिळ्यांची मोठी संख्या ही विसाव्या शतकात सुधारकांच्या टीकेचा विषय झाली. वृत्तपत्रासाठी जलद जुळणी हवी असल्यामुळे लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या घटविण्याचा प्रयत्न केला. वि. दा. सावरकर यांनी ‘अ’ची बाराखडी (अि, अी, अु, अू) पुरस्कारिली व किर्लोस्कर मासिकांनी ती काही काळ वापरली. लखनौ येथील १९५३ च्या परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणण्याचा निर्णय घेतला. परंतु वाचकांना तो रुचला नाही व पुढे मागे घ्यावा लागला. हरी गोविंद गोविल यांच्या प्रयत्नांतून लायनोटाइप यंत्रावर देवनागरी आली. यंत्राच्या कळफलकावर मर्यादित अक्षरेच बसत असल्यामुळे जोडाक्षरे मोडून हलन्त लिहिणे, वरची चिन्हे अक्षराच्या बाजूस सरकविणे अशा तडजोडी कराव्या लागल्या. मुद्राक्षरांचा हा सर्व इतिहास महाराष्ट्र शासनाचे मुद्रणतज्ज्ञ बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये भाषा संचालनालयातर्फे प्रसिद्ध झालेल्या देवनागरी मुद्राक्षररचनेवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात विस्ताराने नोंदविला आहे.

या वादात दोन्ही बाजूंस तथ्य होते. खिळे कमी झाल्याखेरीज स्वस्त वृत्तपत्र व शालेय पुस्तक शक्य नव्हते. दुसऱ्या बाजूस, यंत्राच्या सोयीसाठी लिपी बदलली, तर ते यंत्र जुने झाल्यावरही बदललेली लिपी मागे राहते. पुढील काळाने ही भीती निराधार नसल्याचे दाखविले. प्रकाशजुळणी व नंतर संगणक आल्यावर खिळ्यांच्या संख्येची अडचणच उरली नाही. हजारो जोडाक्षरे एका संचात सामावू लागली. तोपर्यंत मोडलेली जोडाक्षरे व हलन्ते पुष्कळ वाचकांच्या सवयीची झाली होती.

संगणकयुग : संगणकावर अक्षराची ओळख (सांकेतिक क्रमांक) व त्याचे दृश्य रूप या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतात. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत ‘ल’ व ‘श’ यांना प्रत्येकी एकच क्रमांक आहे. पडद्यावर मराठी रूप उमटेल की हिंदी, हे वापरलेल्या संचावर अवलंबून असते. आरंभीचे बहुतेक संच हिंदी रूपे धरून केलेले असल्यामुळे मराठी मजकूरही त्याच रूपांत दिसू लागला. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयी ६ नोव्हेंबर २००९ रोजी व पुन्हा १० नोव्हेंबर २०२२ रोजी शासननिर्णय काढले. २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांचाच वापर करावा, असे सांगितले आहे.

रूपभेदाहून गंभीर प्रश्न अर्थभेदाचा आहे. मराठीत ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’, ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे वेगवेगळे शब्द आहेत. पहिल्या रूपातील रफारामुळे मागील अक्षरावर आघात येतो. दुसऱ्यातील चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’मुळे येत नाही. मराठी हातजुळणीत या अर्ध्या ‘र’साठी स्वतंत्र खिळा असे. ज्या संचात ही सोय नाही, त्यात गुरूला दिलेली दक्षिणा व स्वयंपाक्याला दिलेला पगार एकाच शब्दाने लिहावा लागेल. ‘ॲ’ या स्वराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले.

अलीकडील रचनाकारांनी पारंपरिक वळणाकडे पुन्हा लक्ष दिले आहे. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकासाठी केलेला मंगल हा संच फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या मूर्ती अभिजात ग्रंथमालेसाठी फिओना रॉस व जॉन हडसन यांनी जी देवनागरी सिद्ध केली, तिच्यातून पुढे टिरो देवनागरी हे संच निघाले. त्यांत हिंदी, मराठी व संस्कृत या तिन्ही भाषांसाठी स्वतंत्र संच आहेत. एकाच लिपीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांची अक्षररूपे एकसारखी असलीच पाहिजेत असे नाही, हे तत्त्व त्यातून मान्य झाले आहे.

मूल्यमापन : निर्णयसागर मुद्राक्षरांना मर्यादाही होत्या. जोडाक्षरांच्या विपुलतेमुळे जुळणी महाग व मंद होती आणि ती शिकण्यास जुळाऱ्याला दीर्घ उमेदवारी करावी लागे. मथळे, जाहिराती यांसाठी लागणारी विविधता त्यांत नव्हती. तथापि ग्रंथाच्या मजकुरासाठी त्यांनी घालून दिलेला दंडक आजही लागू पडतो. अक्षराची जाडी लेखणीच्या स्वभावाप्रमाणे असावी, शिरोरेषा सलग असावी, जोडाक्षर ओळीत काळे किंवा फिकट दिसू नये आणि भाषेत जे भेद आहेत ते सर्व छापता यावेत, हा तो दंडक होय. यांतील पहिल्या तीन गोष्टी डोळ्याच्या सुखासाठी आहेत. चौथी भाषेच्या अस्तित्वासाठी आहे. एखादा वर्ण मुद्राक्षरांच्या संचात नसेल, तर तो प्रथम छपाईतून, मग पाठ्यपुस्तकातून व अखेरीस लेखनातून जातो. धातूचे खिळे वितळले गेले व हातजुळणी मागे पडली, तरी मराठीचा पाकळीचा ‘ल’, देठाचा ‘श’ व ‘ऱ्य’ यांचा आग्रह आज ज्या आधारावर धरला जातो, तो आधार राणू आरूंसारख्या कारागिरांनी पोलादात कोरून ठेवलेला होता.